टँगो आणि परीक्षक

टँगो या एकाच नावाची दोन नृत्ये आज जगात नाचली जातात, आणि दोन्हींच्या उपासकांमध्ये विस्तव जात नाही म्हटले तरी चालेल. एक ब्यूनोस आयरिसचे, दुसरे इंग्लंडात घडलेले, बॉलरूमच्या स्पर्धांमधले. पहिल्या पंथाचे लोक दुसऱ्याला टँगो म्हणायलाच तयार नसतात. दुसऱ्या पंथाचे लोक पहिल्याकडे पाहून विचारतात, यात नाचण्यासारखे आहे काय, ही माणसे तर नुसती चालताहेत! मी स्वतः यांतले काहीच नाचत नाही. गॅदरिंगमध्येसुद्धा माझी जागा पडद्यामागे, खुर्च्या मोजणाऱ्यांत. पण टँगोची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकण्याचा नाद मला काही वर्षांपूर्वी लागला आणि ऐकता ऐकता या भांडणातही मी ओढला गेलो. आता तर मी एक बाजूही धरली आहे. ती का धरली, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी थोडा इतिहास, कारण भांडणाचे मूळ तिथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे ब्यूनोस आयरिस आणि मोंटेव्हिडिओ येथे, इटली-स्पेनमधून पोटासाठी आलेले मजूर, आफ्रिकी गुलामांचे वंशज आणि खेड्यांतून शहरात लोटलेली माणसे यांच्या सरमिसळ वस्तीत हा नाच जन्मला. घरंदाज लोक त्याचे नाव काढत नसत. मग १९१२-१३ च्या सुमारास पॅरिसने तो डोक्यावर घेतला. लंडनमध्ये टँगोसह चहापानाचे कार्यक्रम होऊ लागले. जर्मनीच्या कैसरने १९१३ साली गणवेशातल्या अधिकाऱ्यांना टँगो नाचायला मनाई केली, म्हणजे लोण कुठवर पोचले होते पाहा. पॅरिसचा शिक्का बसल्यावर ब्यूनोस आयरिसच्या घरंदाजांनाही त्यात गुण दिसू लागले. परदेशातून पावती आल्याखेरीज घरच्या वस्तूकडे न पाहण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

इंग्रजांचा स्वभाव असा, की हाती लागेल त्याची नियमावली करावी. १९२० नंतरच्या दशकात तिथल्या नृत्यशिक्षकांनी परिषदा भरवून वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो यांची पावले ठरवली, पावलांना नावे दिली, लय मुक्रर केली. ब्लॅकपूलचा नृत्यमहोत्सव १९२० साली सुरू झाला, तो आजही भरतो. १९२२ सालची जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या व्हिक्टर सिल्व्हेस्टरने पुढे स्वतःचा वाद्यवृंद काढून काटेकोर लयीच्या तबकड्या बाजारात आणल्या आणि त्या लाखोंनी खपल्या. हे मी कुत्सितपणे सांगत नाही. नियम झाले म्हणून एका गावचा कारकून आणि दुसऱ्या गावची शिक्षिका, कधी भेट झालेली नसताना, एकाच जमिनीवर न अडखळता नाचू शकली. नाच शिकणे सर्वांच्या आवाक्यात आले. ही काही लहान गोष्ट नव्हे.

माझी तक्रार आहे ती संगीताची. बॉलरूम स्पर्धेतला टँगो मिनिटाला ३१ ते ३३ बारांच्या लयीत वाजवतात. (बार म्हणजे आपल्या आवर्तनासारखे एक माप समजा.) ठोका स्पष्ट पडावा म्हणून बहुधा ड्रम असतो, आणि दीडदोन मिनिटांत गाणे आटोपते. कोणते गाणे लागणार हे जोडप्याला आधी कळत नाही. लय मात्र पक्की ठाऊक असते. तेव्हा महिनोन्‌महिने घोटून बसवलेली हालचालींची साखळी, ती ताठ चौकट, ती झटकन वळणारी मान, हे सारे त्या लयीतल्या कोणत्याही गाण्यावर चपखल बसावे लागते. अव्वल जोडपी ऐनवेळी गाण्याप्रमाणे थोडा रंग भरतात, हे मी नाकारत नाही. तरी सांगाडा तोच. गाणे बदलले तरी नाच बदलत नाही. 'जलूसी' हा बॉलरूमवाल्यांचा मोठा आवडता टँगो. तो रचला याकब गादे या डॅनिश संगीतकाराने, १९२५ साली, मूकपटाच्या साथीसाठी. त्याच्या डॅनिश असण्याला माझी हरकत नाही. सूर मोठा देखणा आहे. पण त्याच्या जागी दुसरा त्याच लयीतला टँगो ठेवला तर त्या जोडप्याचे काहीच अडत नाही, याला माझी हरकत आहे.

आता ब्यूनोस आयरिसकडे वळू. तिथल्या जुन्या वाद्यवृंदात ड्रम नाही. बँडोनिऑन, व्हायोलिने, पियानो आणि डबल बास, एवढाच संसार. ठोका या सर्वांनी मिळून वाहायचा. यातला बँडोनिऑन तर आपल्या पेटीचा चुलतभाऊच. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हाइनरिश बांडच्या नावावरून त्याचे नाव पडले, काळ १८४० नंतरचा. त्याच सुमारास हार्मोनियम पॅरिसमध्ये आकाराला आली. दोन्हींत भाता, दोन्हींत धातूच्या पट्ट्यांचे सूर, आणि दोन्ही वाद्ये परक्या मुलखात जाऊन तिथलीच होऊन बसली. हार्मोनियमला ऑल इंडिया रेडिओने १९४० साली दाराबाहेर काढले, ते थेट १९७१ मध्ये दार किलकिले होईपर्यंत. पंडित रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात, परके वाद्य आपले कसे होते, हे सांगायची गरज नाही. बँडोनिऑनची आणखी एक खोड अशी, की भाता उघडताना बटन एक सूर देते आणि मिटताना तेच बटन दुसरा. वाजवणारा जणू श्वास घेत वाजवतो, आणि तो श्वास नाचणाऱ्याला ऐकू यावा लागतो.

या संगीतात नाचणाऱ्याने ऐकायचे काय, याचे उत्तम उदाहरण हुआन दारिएन्सो. याला 'ठोक्याचा राजा' म्हणत. १९३५ च्या अखेरीस त्याच्याकडे रोदोल्फो बियाजी हा पियानोवादक आला आणि टँगोकडे पाठ फिरवू लागलेले तरुण पुन्हा नाचघरात शिरले. जाणकारांनी मात्र नाके मुरडली. त्यांच्या मते ही नुसती ठोकाठोक होती. ठोका जर दोष असेल तर दारिएन्सो इंग्रजांइतकाच दोषी ठरेल, नव्हे का? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आणि तबकड्या पुन्हा पुन्हा लावून पाहिल्या. ठोका खणखणीत आहे खरा. पण मध्येच सगळा ताफा गप्प होतो, आणि त्या रिकाम्या जागेत बियाजीचा पियानो दोनचार सूर असे टाकतो की पुढचे पाऊल टाकू की थांबू, हा प्रश्न नाचणाऱ्यापुढे उभा राहतो. आपला तबलजी समेच्या अलीकडे खोडी काढतो तसे. ज्याने पावले आधीच ठरवून आणली आहेत, त्याच्या पायाखालून ती जागा निघून जाते. आणि ओस्वाल्दो पुलिएसेचे १९४६ सालचे 'ला युम्बा' ऐकाल तर ३१ की ३३ हा हिशेबच कोलमडतो. लय फुगते, ओढ घेते, पुढे झेपावते, पुन्हा मागे रेलते. हा पुलिएसे कम्युनिस्ट होता. त्यापायी तुरुंगातही गेला. तो आत असला की त्याचे साथीदार पियानोवर लाल फूल ठेवून त्याच्याविना वाजवीत. असो, विषयांतर झाले.

तिथल्या नाचाच्या मैफलीला मिलोंगा म्हणतात. तिची शिस्त पाहिली म्हणजे संगीताला तिथे काय मान आहे ते समजते. तीनचार गाण्यांचा एक संच, बहुधा एकाच वाद्यवृंदाचा आणि एकाच काळातला. मग अर्धा मिनिट भलतेच काही संगीत, ज्यावर कोणी नाचत नाही. जोडपी सुटतात, आपापल्या जागी जातात. नवा संच सुरू झाला की पहिल्या सुरांवरून वाद्यवृंद ओळखायचा आणि मग नजर फिरवायची. पुरुषाने लांबूनच पाहायचे, बाईने नजर दिली आणि मान हलवली तर होकार. नजर वळवली तर विषय संपला, चारचौघांत कोणाची शोभा नाही. (ही सोय मला फार शहाणपणाची वाटते.) म्हणजे तिथे माणूस जोडीदार निवडतो तोही गाणे ऐकून. दारिएन्सोसाठी एक, पुलिएसेसाठी दुसरी. नंतर छातीला छाती टेकवून, डोकी जवळ आणून, सगळ्यांनी एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, जागा सांभाळत फिरायचे. पुष्कळ जण डोळे मिटतात. पाहणाऱ्याला यात खरोखरच फारसे काही दिसत नाही! आणि गंमत अशी, की जगाच्या लेखी टँगो म्हणजे ज्याचे नाव, त्या कार्लोस गार्देलच्या गाण्यांवर मिलोंगात सहसा नाचत नाहीत. ती ऐकायची गाणी, असा तिथला संकेत.

आता विरुद्ध पक्षाचे वकीलपत्र थोडे मीच घेतो, कारण त्यांची बाजू कच्ची नाही. १९५५ साली पेरॉनची सत्ता उलथली, काळ पालटला, तरुण रॉक संगीताकडे गेले आणि ब्यूनोस आयरिसची नाचघरे ओस पडत गेली. टँगोला जगात पुन्हा उभे केले ते कोणी? मिलोंगातल्या डोळे मिटणाऱ्यांनी नव्हे. 'टँगो अर्जेंटिनो' या रंगमंचीय कार्यक्रमाने, जो १९८३ मध्ये पॅरिसला आणि १९८५ मध्ये ब्रॉडवेवर झाला. प्रेक्षकांसाठी बसवलेला, झगमगीत, पाय हवेत उडवणारा टँगो पाहून लोक वेडे झाले आणि मग खरा टँगो शिकायला निघाले. दिखाव्याने मूळ वाचवले, असा हा उलटा न्याय.

त्याहून मोठा पेच ब्यूनोस आयरिसनेच घातला. २००३ पासून ते शहर स्वतः टँगोची जागतिक स्पर्धा भरवते. २००९ मध्ये युनेस्कोने टँगोला मानवजातीच्या वारशात जागा दिली, त्यानंतर तर तिचे तेज आणखी वाढले. तिथे गुण आहेत, अंतिम फेरी आहे, पाठीमागे हुंदके देणारे उपविजेते आहेत. मग इंग्रजांना नावे कोणत्या तोंडाने ठेवायची? पण या स्पर्धेचे दोन भाग आहेत, आणि फरक तिथेच आहे. एक रंगमंचाचा टँगो. त्यात सगळे बसवलेले, गाणेही आपण निवडलेले. दुसरा जमिनीवरचा टँगो. त्यात अनेक जोडपी एकदम वर्तुळात नाचतात, गाणी आयत्या वेळी कळतात, संगीत चालू असताना मिठी सोडायची नाही, उड्या नाहीत, पुढच्या जोडप्याचा धक्का बसेल तर थांबायचे. मिलोंगाची घडी शक्य तेवढी जशीच्या तशी उचलून परीक्षकांपुढे ठेवलेली.

या दुसऱ्या भागावरही जुने लोक रुसलेले आहेतच. त्यांचे म्हणणे, स्पर्धक सगळे एका छापाचे दिसू लागले. तीच लांब पावले, तीच ताठ मान, एका शाळेतून निघालेली मुले जशी. यात तथ्य आहे. परीक्षकाला पाय दिसतात. मिठीच्या आत काय बोलणे झाले ते त्याला कसे दिसणार? ज्याला गुण नाहीत ते हळूहळू कोणी शिकत नाही. तरीसुद्धा मी या स्पर्धेला पास करीन, कारण तिथे गाणे अजून धोक्याचे आहे. पुलिएसे लागला तर काय होईल ही धास्ती स्पर्धकाच्या पोटात आहे. बॉलरूममधून ही धास्तीच काढून टाकली गेली, आणि ती काढल्यावर जे उरते ते कष्टाचे, कौशल्याचे, नेत्रसुखाचे असेल. मला ते कवायतीच्या जवळचे वाटते. तिथल्या मंडळींनाही नृत्याला खेळ म्हणवून घेण्यात कमीपणा वाटत नाही. त्यांच्या जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९७ मध्ये मान्यता दिली. पुढे नाच ऑलिंपिकमध्ये गेलाही, पॅरिसला, २०२४ साली. पण तो निघाला ब्रेकिंग, रस्त्यावरचा, ज्यात डीजे काय वाजवील ते नाचणाऱ्याला आधी ठाऊक नसते. वॉल्ट्झ आणि टँगो बाहेरच राहिले.

आमच्याकडे गॅदरिंगच्या तालमीत मुले मला सांगतात, "सर, ढोलकीवाला नको, रेकॉर्डच बरी, तो ऐन वेळी लय वाढवतो." परीक्षक आणि घड्याळ समोर असताना त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. पण लय वाढली की नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येते, ते रेकॉर्डवर कधी आलेले मी पाहिलेले नाही.

महाविद्यालयाच्या अंकात सांगण्याजोगी एक गोष्ट राहिलीच. जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध टँगो 'ला कुम्पार्सिता'. तो रचला मोंटेव्हिडिओच्या हेरार्दो मातोस रोद्रीगेस या विशीच्या आतबाहेरच्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने, १९१६ च्या सुमारास. कार्निव्हलमध्ये विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीत वाजवायला म्हणून केलेली ती चाल होती. आज बॉलरूमवालेही त्यावर नाचतात आणि मिलोंगावालेही. एकीकडे दोन मिनिटे होताच तो मधेच हळू होत बंद पडतो आणि परीक्षक कागदावर वाकतात. दुसरीकडे तो रात्रीचा शेवटचा टँगो असतो, पुरता वाजतो, आणि मग दिवे लागतात व लोक बूट बदलून घरी जातात.