जेवण कमी झालंय की चावणं?

"वय झालं की आहार कमी होतोच" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. निदान आमच्या मराठवाड्यात तरी नाहीच.

आमच्याकडचं (आजोळ अहमदपूर, नांदेड आणि लातूरच्या मधोमध!) ताट बघा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, मटकीची उसळ, कधीमधी मटण. सगळं चावायचं काम. दाढा गेल्या की हे पदार्थ एकेक करून गुपचूप ताटातून गायब होतात. उरतं काय, तर चहा-टोस्ट, मऊ भात आणि पातळ वरण. म्हणजे प्रथिनं गेली, चोथा गेला, मैदा-साखर राहिली. लातूरची तूरडाळ कुठेकुठे जाते आणि तिथल्याच म्हाताऱ्यांच्या वाटीत नुसतं वरचं पाणी! त्यात डायबेटिस असेल तर साखरेने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरत नाही. इन्फायनाइट लूप म्हणतात तो हाच. (मिश्रीबद्दल बोलतच नाही. दात दुखतो म्हणून मिश्री, आणि मिश्रीने हिरड्या खलास.)

आणि आपण काय करतो? पुण्याहून प्रोटीन पावडर पाठवतो, फुल बॉडी चेकअप बुक करतो. त्यात व्हिटॅमिन डी असतं, लिपिड असतं, फक्त "आ करा" कुणी म्हणत नाही. कीबोर्ड तुटलाय आणि आपण लॉग वाचत बसलोय.

सरकारचंही तेच. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजूंना एकदा ३००० रुपये. कशासाठी? चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा... कवळीचं नाव नाही! केंद्राच्या २०१७ च्या योजनेत कवळी आहे, पण शिबिर लागेल तेव्हा. उलट शेजारच्या कर्नाटकात 'दंत भाग्य' नावाची आख्खी योजना आहे, दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्यांना कवळी फुकट. देगलूर-उदगीरहून बिदर ते किती लांब हो?

अर्थात कवळी बसवली की काम झालं असं नाही. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, मग कवळी सैल होते, टोचते, आणि डबीत जाऊन बसते. ती घासून, नीट बसवून घ्यायला दोन-चार चकरा माराव्याच लागतात. त्या कोण मारणार हा खरा प्रश्न. शिवाय चहा-टोस्टची सवय कवळीने आपोआप जात नाही. आधी अंडं, मऊ शिजवलेली उसळ, मग भाकरी, असं कुणीतरी मागे लागावं लागतं.

आमच्या एका मावशीचं उत्तर ठरलेलं: "आता काय करायचेत बाबा दात, चार दिवस राहिलेत." मावशी ६८ वर्षांची. दहाच वर्षं धरली तरी दिवसाला दोन या हिशोबाने ७३०० जेवणं होतात. हा आकडा ऐकून ती हसली खरी, पण तयार झाली.

नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे डेंटल कॉलेजं आहेत. शिकणारी पोरं काम करतात, वर सर असतात, खर्च बाहेरच्यापेक्षा कमी. वेळ मात्र जातो. पुढच्या लाँग वीकेंडला एक दिवस जास्तीचा काढून जा.