सेवेमागचा भाव



वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शहागडात महामार्गालगत आमचे दुकान आणि दुकानामागे घर. माझे सासरे, आम्ही सारे त्यांना बाबूजी म्हणत असू, कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. रोग मणक्यापर्यंत पोहोचला होता. त्यांची कूस बदलणे, अंग पुसणे, लघवीचे भांडे देणे, औषधांच्या वेळा सांभाळणे ही कामे माझ्याकडे होती. मी एकही वेळ चुकवली नाही. येणारे-जाणारे म्हणत, ‘सून असावी तर अशी.’ ते ऐकून मला बरे वाटे, हे आज मान्य केले पाहिजे.

एका रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. पाहते तो बाबूजी पंचाचे टोक दातांत धरून निश्चल पडलेले. वेदनेने कपाळ घामाने डबडबले होते. मी विचारले, “हाक का मारली नाही?” थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “बीनणी, तू भांडे खाली ठेवतेस ना, त्या आवाजावरून तुझे मन मला कळते. ते ऐकण्यापेक्षा दुखणे सोसलेले बरे.”

माझ्या सेवेत कोठे उणीव नव्हती. उणीव भावात होती. मी कर्तव्य निभावत होते, लोकलज्जा सांभाळत होते आणि मनातल्या खतावणीत प्रत्येक जागरण जमेस धरत होते. ज्याच्यासाठी हे सारे चालले होते, त्याला मात्र त्या उपकाराचे ओझे होऊन तो आपली वेदना लपवू लागला होता.

आपल्या आचार्यांनी वैयावृत्त्याची गणना सहा अंतरंग तपांत केली आहे. सेवा तर हातापायांनी करायची, मग ती अंतरंग तप कशी? याचे उत्तर मला पुढे उद्दायन राजाच्या कथेत सापडले. सम्यग्दर्शनाच्या निर्विचिकित्सा या अंगाचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाते. एक देव रोगग्रस्त मुनीचे रूप घेऊन राजाची परीक्षा पाहण्यास येतो आणि आहार घेऊन राजाच्याच अंगावर वमन करतो. राजाला किळस येत नाही. आपण दिलेल्या आहारानेच तर मुनींना त्रास झाला नसेल ना, या विचाराने तो व्याकूळ होतो आणि स्वतःच्या हातांनी त्यांना स्वच्छ करतो. नंदिषेण मुनींच्या कथेतही हेच आहे. रुग्ण साधूला ते खांद्यावरून नेतात, तो अंगावर घाण करतो, वर कठोर बोलतो. तरीही नंदिषेणांचे चित्त ‘यांना किती यातना होत असतील’ एवढ्यावरच स्थिर राहते. दोघांचेही लक्ष क्षणभरसुद्धा स्वतःकडे वळत नाही.

परंतु आपण राजे नव्हे की मुनीही नव्हे. आपल्याला किळस येते, भीती वाटते. बाबा आमटे यांनाही ती वाटली होती. वरोऱ्यात पावसात पडलेला मरणोन्मुख कुष्ठरोगी तुळशीराम पाहून ते भयाने दूर पळाले. मात्र त्या पळण्याची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत आले आणि अखेरपर्यंत त्यांनी त्याची शुश्रूषा केली. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि पुढे आनंदवन उभे राहिले, त्याच्या मुळाशी ही घटना आहे. आपण हे काम कोणावर उपकार करण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या भयावर मात करण्यासाठी हाती घेतले, असे बाबा सांगत. भावना प्रथम मलिन असली तरी चालते. ती ओळखून पुन्हा परत यावे लागते.

आधुनिक मानसशास्त्रही याच दिशेने बोलते. अमेरिकेतील डॅनियल बॅटसन यांनी दुसऱ्याचे दुःख पाहून उठणाऱ्या दोन भावना वेगळ्या केल्या. एक स्वतःची अस्वस्थता, दुसरी त्या जीवाविषयीची कळकळ. पहिलीने घेरलेला माणूस वाट मिळताच तेथून निघून जातो. दुसरी असलेला थांबतो. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी जुनाट वेदनांचे रुग्ण व त्यांचे जोडीदार यांच्या दैनंदिन नोंदी घेऊन 2016 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या दिवशी जोडीदार दडपणाने नव्हे, तर मनापासून मदत करतो, त्या दिवशी दोघांनाही अधिक समाधान लाभते, असे त्यात दिसले.

मग मनापासूनचा भाव आणायचा कोठून? थकलेल्या देहातून तो येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. त्या रात्रीनंतर आम्ही घरात पाळ्या लावल्या. माझे यजमान दुकान लवकर बंद करून रात्रीची पाळी घेऊ लागले. सेवा सुनांनी करायची आणि पेढी पुरुषांनी सांभाळायची, ही वाटणी धर्माने केलेली नाही. मीही काही करण्यापूर्वी विचारू लागले, “आता कूस बदलू का? की थोडे थांबू?” उत्तर देण्याचा अधिकार मिळाला, तसे बाबूजी हाक मारू लागले.

आणखी एक गोष्ट. वेदनेने तळमळणाऱ्याला ‘हा कर्माचा उदय आहे, समतेने सोसा’ असे आपण सहज सांगतो. समता ही ज्याची त्याने साधायची साधना आहे. शेजारी बसणाऱ्याने तिचा उपदेश केला की ती हाक न मारण्याची आज्ञा होते. आपले काम वेदना कमी करण्याचे. त्यासाठी उपचार आहेत. मुंबईत 1986 पासून शांती आवेदना सदन आणि पुण्यात 1997 पासून सिप्लाचे केंद्र कर्करुग्णांच्या वेदनाशमनाचे काम करीत आले आहेत. 2014 च्या कायदादुरुस्तीने मॉर्फिनसारखी वेदनाशामके रुग्णालयांना उपलब्ध होण्यातील अडचणीही कमी केल्या. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, ‘रोग राहू द्या, दुखणे कसे थांबेल?’

त्या वर्षीच्या संवत्सरीला मी बाबूजींजवळ क्षमा मागितली. ते म्हणाले, “मीही तुझ्यापासून दुखणे लपवले, त्याची क्षमा मला हवी.” पुढे दोन महिन्यांनी ते गेले. ते दोन महिने मात्र आम्ही दोघांनी एकमेकांपासून काही लपवले नाही.