शेतकी कॉलेजांतील दुसरी शाळा

शेतकऱ्याचा मुलगा शेतकी कॉलेजांत दाखल झाला म्हणजे घरच्यांस वाटतें, गंगेंत घोडें न्हालें. फी भरली, खाणावळ लागली, आतां चार वर्षांनीं पदवी घेऊन येईल. पण कॉलेजांत दुसरीहि एक शाळा चालते. शिष्यवृत्ति कोठें मिळते, बियाण्याच्या कंपनींत जागा कशी लागते, चारचौघांत उभें राहून कसें बोलावें, हें त्या शाळेंत शिकतात. आणि ती भरते विद्यार्थ्यांच्या मंडळांत. ज्याचा बाप शिकलेला, त्याला तिचा पत्ता घरींच कळतो. आमच्या मुलास तो कोण सांगणार?

अमेरिकेंतील काळ्या लोकांनीं ह्या बाबतींत काय केलें तें वाचकांनीं ऐकावें. ते आम्हांस परके नव्हेत. जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ छापली, ती काळ्यांस दास्यांतून सोडविणाऱ्या तेथील भल्या लोकांसच अर्पण केली होती. गुलामी सुटली, पण कॉलेजाचें दार सुटलें नाहीं. शेतकी कॉलेजांस सरकारी जमीन देण्याचा कायदा १८६२ सालचा. दक्षिणेंतील बहुतेक अशा कॉलेजांत काळ्यांस मज्जाव. त्यांच्या निराळ्या कॉलेजांस पैसा मिळावा असा कायदा होण्यास १८९० साल उजाडलें. टस्कीगी येथील काळ्यांच्या शाळेनें तर १९०६ सालीं नांगर व लोणी काढण्याचीं यंत्रें गाडींत घालून विद्याच शेतकऱ्याच्या दारीं नेली!

शाळांतून शेतकी शिकणाऱ्या मुलांचा मोठा संघ तेथें १९२८ सालीं निघाला. दक्षिणेंत शाळाच वेगळ्या, म्हणून काळ्या मुलांनीं १९३५ सालीं टस्कीगीस आपला संघ काढला. त्याचे सभासद पन्नास हजारांवर गेले. १९६५ सालीं दोन्ही संघ एक झाले. ऐकावयास गोड, पण नांव राहिलें मोठ्याचें, डगला राहिला मोठ्याचा. धाकट्याचें कांहींच उरलें नाहीं. असल्या एकीचा अनुभव आमच्या लोकांसहि थोडाफार आहे.

तरी तीं मुलें रडत बसलीं नाहींत. मिशिगन स्टेट व पेनसिल्व्हानिया स्टेट ह्या विद्यापीठांतील काळ्या विद्यार्थ्यांनीं पुन्हां मंडळें जमविलीं, आणि १९८६ सालीं देशभरची परिषद भरविली. ‘मॅनर्स’ ह्या नांवानें तो संघ आज अनेक विद्यापीठांत चालतो. दरसाल परिषद भरते, मुलें भाषणें करितात, कंपन्या व सरकारी खातीं तेथें येऊन नोकरीसाठीं मुलें निवडतात. दार मात्र कोणासहि बंद नाहीं, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

आतां आपल्याकडे पहा. राहुरीचें विद्यापीठ १९६८ सालीं निघालें, त्यास नांवच जोतीरावांचें. अकोला, परभणी व दापोली येथेंहि विद्यापीठें आहेत. तेथें मंडळें नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. पण स्नेहसंमेलनाचा मंडप आणि स्पर्धापरीक्षेचीं पुस्तकें एवढ्यांतच तीं अडकलीं तर काय उपयोग? शेतीचा व्यापार शिकणाऱ्या मुलांनीं कोणाच्याहि बापाची कांद्याची हिशेबपट्टी मधें ठेवून हमाली, तोलाई, गाडीभाडें वजा जातां हातीं काय राहिलें हें वाचावें. शेवटच्या वर्षीं विद्यार्थी खेड्यांत अनुभवास जातात. त्यांनीं लोहारसुतारांस आपल्या बैठकींत बोलवावें, औतांतील खोड त्यांच्याइतकी कोणास कळणार? मुलींस मागच्या बांकावर बसवूं नये.

मंडळास इमारत लागत नाहीं. वरच्या वर्षाच्या पांचसात मुलांनीं खोलींत जमावें आणि नव्या मुलांस शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतींत भरून द्यावा. आरंभास एवढें काम पुरे. आईबापांनींहि सुट्टींत मुलगा घरीं आला म्हणजे मार्कांबरोबर त्यास एवढें विचारावें, ‘बाबा, तुझ्या मंडळांत कोण कोण आहे, आणि शेतमजुराचा पोर त्यांत आहे कीं नाहीं?’