स्वयंपूर्णता : घराची आणि वस्तीची

१८ जानेवारी २००३ रोजी, शनिवारी दुपारी पावणेतीन वाजता कॅनबेरात आणीबाणी जाहीर झाली आणि थोड्याच वेळात डफी उपनगरातील घरे पेटू लागली. चार माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे पाचशे घरे भस्मसात झाली. नागरिकांना वेळीच सावध करण्यात यंत्रणा कमी पडली, असा ठपका २००६ च्या न्यायिक चौकशी अहवालाने ठेवला. सुसज्ज राष्ट्राच्या राजधानीतही पहिला तास माणसाला स्वतःच्याच बळावर काढावा लागला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

गुंगालिन त्या आगीपासून दूर, उत्तरेस असल्याने आपण निर्धास्त असतो. हा निर्धास्तपणा निराधार आहे. आपल्या वसाहतींच्या कडेला गवताळ राने आहेत आणि वाळलेल्या गवतातील वणवा जंगलातील आगीहूनही वेगाने धावतो. जानेवारी २०२० मधील धूर आपल्यापैकी कित्येकांच्या घशाला अजून आठवत असेल. जानेवारी २०२२ च्या वादळात शेजारच्या बेल्कॉननमध्ये झाडे उन्मळून पडली आणि काही घरांत अनेक दिवस वीज नव्हती.

वीज गेली की आपल्या नव्या घरांची खरी परीक्षा होते. अलीकडे बांधलेल्या कित्येक घरांत गॅस नाही, शेगडी विजेची. इंटरनेटच्या तारेवर चालणारा घरचा दूरध्वनीही विजेबरोबर मुका होतो. छपरावर सौर पट्ट्या आहेत म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. त्यासाठी खास व्यवस्था केलेली बॅटरी नसेल, तर बाहेरची वीज खंडित होताच भर उन्हातही त्या पट्ट्या घराला वीज देत नाहीत. आपल्या कोठीत तांदूळ व डाळीची पोती असतात, पण ती शिजवायची कशावर? बाहेर वापरण्याची छोटी गॅस शेगडी घरात पेटवणे तर विषारी वायूमुळे जिवावर बेतू शकते. अशा वेळी उपयोगी पडते ते आपल्या आज्यांना ठाऊक असलेले अन्न : गुळाच्या पाण्यात कालवलेले सातूचे पीठ, भिजवलेले पोहे, शेंगदाण्याची वा जवसाची चटणी. त्यास जोड म्हणून माणशी रोज तीन लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे पिण्याचे पाणी, आठवड्याची औषधे, विजेरी, पारपत्रे व विम्याची कागदपत्रे एका पिशवीत, आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ. एबीसीचे कॅनबेरा केंद्र ६६६ वर लागते. विम्याची रक्कम मात्र आजच्या बांधकामखर्चाशी ताडून पाहावी. २००३ नंतर अनेक कुटुंबांना ती अपुरी पडली होती.

येथवर कोणाचा मतभेद नसावा. परंतु हल्ली आपल्यातही काही मंडळी दूर रानात जमीन, स्वतःची विहीर, स्वतःची वीज आणि उंच कुंपण, अशा ‘स्वयंपूर्ण’ जीवनाची स्वप्ने रंगवताना आढळतात. हौस म्हणून त्यास आक्षेप नाही. मात्र हा शब्द आपण तरी जपून वापरावा. ज्या खेड्याची स्वयंपूर्ण म्हणून आरती ओवाळली गेली, त्या खेड्याची राखण, निरोप पोचवणे व मेलेली ढोरे ओढणे ही कामे बलुत्याच्या तुकड्यावर कोण करीत होते? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या या गौरवाचा कठोर समाचार घेतला, तो उगाच नव्हे. त्याआधी मजूरमंत्री असताना, १९४३ च्या दामोदर महापुरानंतर, त्यांनी नुसते बांध उंच करण्याऐवजी पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांचा एकत्रित विचार पुढे नेला. संकटनिवारण ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हा दृष्टिकोन त्यामागे होता.

म्हणून घरात तीन दिवसांची सोय करावी ती स्वतःस कोंडून घेण्यासाठी नव्हे. सशक्त कुटुंब स्वतःचे निभावून नेऊ शकले, तर अग्निशमन दलाची गाडी व स्वयंसेवकाचा हात ज्याला तातडीने हवा त्याच्याकडे वळतो.

असा माणूस आपल्यात आहे. मुलगा-सून कामावर गेल्यावर एकटे राहणारे, इंग्रजी न येणारे, भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आईवडील. भाड्याच्या खोलीत राहणारा, इथे कोणालाच न ओळखणारा विद्यार्थी. रात्रपाळीहून येऊन दिवसा गाढ झोपलेली परिचारिका. दुभाषा १३१ ४५० वर मिळतो, वादळात मदत १३२ ५०० वर, प्राणसंकटात ०००. पण हे क्रमांक आजीच्या हाताशी, मराठीत लिहून, कोणी ठेवले आहेत काय?

माझी सूचना साधी आहे. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण दरवर्षी घरोघर जातो. त्याच फेरीत उपनगरवार यादी करावी : घरात दिवसा कोण असते, गाडी कोणाकडे आहे, औषध कोणाला नियमित लागते. प्रत्येक पाच घरांमागे एकाने, उन्हाळा लागण्यापूर्वी, या लोकांना स्वतः भेटून यावे. यादी कागदावर असावी, संमतीनेच करावी, आणि ज्यांच्यावर जबाबदारी सोपवली त्यांच्यापुरतीच राहावी. मराठी नसलेला शेजारीही तीत यावा. हॅरिसनपासून बॉनरपर्यंतचे हे काम दोन रविवारांचे आहे.