उन्हावर जगणारे वासरू

एका शालेय विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. आठवीतल्या एका मुलीने दूरच्या भविष्यकाळातल्या अरण्यातला प्राणी रंगवून आणला होता. आकार वासराएवढा, अंगभर हिरवी पाने आणि भूक फक्त उन्हाची. "हे विज्ञान नव्हे, चित्रकला," असे म्हणून आम्ही तो तक्ता बाजूला ठेवला. चूक आमची होती. आम्ही तिला एकही प्रश्न विचारला नाही.

असे प्राणी कल्पिणे हा पोरखेळ नव्हे. डूगल डिक्सन या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने १९८१ साली 'आफ्टर मॅन' या पुस्तकात मानवानंतर पाच कोटी वर्षांनी असू शकणारी प्राणिसृष्टी उभी केली. कल्पना हवी तेवढी धावू द्या. फक्त तिने हिशेब द्यावा, एवढेच माझे म्हणणे.

आता हिशेब पोटाचा. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. रात्र, ढग, तिरपे किरण धरले तर सरासरी २०० वॅटच्या आसपास येते. पाने त्यातला जेमतेम एखादा टक्का अन्नात साठवतात. म्हणजे अवघे २ वॅट! स्वस्थ बसलेल्या माणसालाही ८० ते १०० वॅट लागतात. वासराची गरज याच मापाची धरली, तर त्याला चाळीस-पन्नास चौरस मीटर पाने पाठीवर वागवावी लागतील, आणि तीही एकमेकांवर सावली न पाडणारी. एवढा पसारा घेऊन ते चालणार कसे? झाडे एका जागी का उभी असतात, याचे थोडे उत्तर इथे मिळते.

लपण्याचेही तसेच. पान उन्हात धरले की प्रकाश आरपार दिसतो. आतडी असलेल्या वासराला हे कसे जमावे? आपल्या सह्याद्रीतले कॅलिमा फुलपाखरू पंख मिटले की शिरेसकट, देठासकट वाळके पान दिसते. पण त्याचे सोंग पंखांवर आहे, आणि पंख मुळातच पातळ.

शिक्षकांना विनंती, की असा तक्ता आला तर चित्राला गुण देऊ नका, या आकडेमोडीला द्या. प्राणी लहान करा, चपटा करा, संथ करा, आणि पाहा काय उरते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 'एलिसिया क्लोरोटिका' नावाची समुद्री गोगलगाय आहे. लांबी काही सेंटिमीटर, रंग हिरवा, आकार हुबेहूब पानाचा. ती शेवाळ खाते आणि त्यातले हरितकण कित्येक महिने अंगात जपून ठेवते. त्यांचा तिला उपयोग किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

हे त्या मुलीला त्याच दिवशी सांगायला हवे होते.