खेळातले शिरस्त्राण आणि सटन हूचे तुकडे

१/ व्हिडिओ गेममध्ये अँग्लो-सॅक्सन राजा किंवा सरदार आला की त्याच्या डोक्यावर पुष्कळदा ओळखीचे शिरस्त्राण दिसते: धातूचा मुखवटा, ठसठशीत भुवया, कोरीव मिशी. हा चेहरा सटन हूचा. तो ‘अचूक’ आहे की नाही यावर वाद रंगतात. अचूक म्हणजे नेमके कशाबरहुकूम, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

२/ १९३९ साली इंग्लंडमधील सफोक परगण्यात एडिथ प्रिटी यांच्या जमिनीवरील टेकाडाखाली सुमारे २७ मीटर लांब नौकेचा ठसा सापडला. उत्खननाचा आरंभ बेसिल ब्राउन यांनी केला होता. इ. स. ६२५च्या सुमाराच्या या दफनातले शिरस्त्राण हाती आले, ते पाचशेहून अधिक तुकड्यांच्या रूपात.

३/ हर्बर्ट मॅरियन यांनी १९४५-४६ मध्ये ते प्रथम जुळवले. त्या रचनेत मान आणि जबडा उघडाच राहतो, असा आक्षेप पुढे आला. १९७०-७१ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या नायजेल विल्यम्स यांनी ती सुटी करून नव्याने मांडली. आज जगाला ठाऊक असलेला चेहरा हा. तुकडे तेच, शिरस्त्राणे दोन!

४/ संग्रहालयात मूळ तुकडे कोणते आणि भरीचा भाग कोणता, हे नजरेला कळते. खेळात हा सांधा नाहीसा होतो. तर्क वस्तू बनून समोर येतो.

५/ एक बारकावा पाहावा. मूळ शिरस्त्राणाच्या एकाच भुवईतील तामड्यांखाली सोन्याचा पत्रा आहे; दुसरीखाली नाही. शेकोटीच्या उजेडात एक डोळा विझल्यासारखा भासत असावा, आणि त्याचा संबंध एकाक्ष देव वोडेनशी असावा, असे काही संशोधक मानतात. संगणकीय शिल्पात अर्धा चेहरा घडवून उरलेला आरशासारखा उमटवण्याची रीत आहे. त्या सोयीत हा प्रश्नच पुसला जातो.

६/ काळाचेही भान हवे. ‘असॅसिन्स क्रीड : वल्हाला’मधले इंग्लंड नवव्या शतकाच्या उत्तरार्धातले. अशा काळातील योद्ध्याला सटन हूचा मुखवटा चढवणे म्हणजे अडीचशे वर्षांची गल्लत. यॉर्कमध्ये १९८२ साली सापडलेले आठव्या शतकातील कॉपरगेट शिरस्त्राण पाहावे: लांब नासिकारक्षक, गालपट्ट्या, मानेवर साखळीची जाळी. मुखवटा नाही.

७/ खेळ हे मनोरंजन आहे, पाठ्यपुस्तक नव्हे, हा बचाव रास्त आहे. पण अनेकांच्या मनात सातव्या शतकाचे पहिले चित्र खेळच उमटवतो, आणि पहिले चित्र सहजी पुसत नाही. म्हणून मागणी निर्दोष प्रतिकृतीची नसावी. खेळाडूला १९४६चे आणि १९७१चे अशी दोन्ही शिरस्त्राणे निवडता यावीत. ती आलटून पालटून घालताना त्याला आपसूक उमगेल, की भूतकाळ अखंड हाती लागत नाही. तो जुळवावा लागतो, आणि चुकला तर पुन्हा सोडवावा लागतो.