विश्लेषण : पॉइंट २२ पिस्तुलाची नळी किती लांब हवी?

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरहून लोकलने वरळीच्या रेंजवर जाणारा नेमबाज एअर पिस्तूल सोडून पॉइंट २२कडे वळला, की सल्ला ठरलेला : नळी लांब घे, नेम पक्का बसेल. हे अर्धेच खरे. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्ण जिंकले, त्यात नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब चालतच नाही. अचूकता फेरीत दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे. त्यासाठी १२० मिलिमीटरची चांगली नळीही पुरून उरते.

लांबीचा फायदा असतो तो पुढच्या-मागच्या साइटमधल्या अंतराचा. त्यालाही २२० मिलिमीटरची मर्यादा आहे आणि मागची साइट मागे बसवली की आखूड नळीतही ते अंतर मिळते. खरी परीक्षा रॅपिड फेरीत. खाली असलेला हात उचलून तीन सेकंदांत एक गोळी, असे सलग पाच वेळा. पुढे जड पिस्तूल इथे मनगटाला नडते. काहींचा हात मात्र त्याच वजनाने स्थिरावतो. पिस्तूल परवान्यावर चढते, नाही जमले म्हणून सहज बदलता येत नाही. त्यामुळे ‘लांब तेवढे चांगले’ म्हणणाऱ्यांचे ऐकून लाखांत पैसे घालण्याआधी क्लबच्या दोन्ही प्रकारच्या पिस्तुलांवर रॅपिडच्या चार-पाच फेऱ्या मारून गुण लिहून ठेवावेत.